महदंबा कोण होत्या?

मराठीतील आद्य कवयित्री म्हणून महदंबा ऊर्फ महदाइसा यांचे नाव घेतले जाते. १३व्या शतकातील या महानुभाव संन्यासिनीला बालपणीच वैधव्य आले होते.

पंथ वेगळा कसा?
चक्रधरस्वामींनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, मासिक पाळीचा विटाळ मानला नाही. मात्र घरदार सोडून भिक्षेवर राहायचे आणि भिक्षा मागताना जात पाहायची नाही, हा दंडक होता. महदंबा प्रत्येक गोष्टीवर शंका विचारत. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त त्यांचे अनेक प्रश्न नोंदलेले आहेत.

रिद्धपूरला काय घडले?
चक्रधरांच्या वियोगानंतर शोकाकुल शिष्य नागदेवांसह रिद्धपूरला (आताचा अमरावती जिल्हा) गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभू लोकांना वेडे वाटत. कुणाच्याही घरात शिरावे, हवे ते खावे, रागावता रागावता हसावे, अशी त्यांची रीत. चर्चेची सवय असलेल्या महदंबांना येथे प्रश्नांची उत्तरे मिळणार नव्हती, सेवाच करायची होती. त्या तिथे रुळल्या. एकदा गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला आणि महदंबांना गाणी म्हणायला लावली. त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर गीते रचली, तेच ‘धवळे’.

महत्त्व काय?
विधवेला मंगलकार्यापासून दूर ठेवणाऱ्या समाजात एका विधवेने लग्नगीते रचली. मराठी स्त्रीकाव्याची सुरुवात तिथून मानली जाते.