नावं न सांगणारा गुप्तहेर

सूरजागडचा डोंगर म्हणजे लोखंडाचा डोंगर, हे आपल्या होस्टेलवर कुणाला वेगळं सांगायला नको. खाण आली की तिच्यामागून काय काय येतं, तेही नको. पण अशाच एका खाणीच्या गावाने एक डिटेक्टिव्ह लेखक घडवला, हे फार थोड्यांना माहीत असेल.

डॅशिएल हॅमेट. जन्म २७ मे १८९४, अमेरिकेतल्या मेरीलँडचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. १९१५ साली तो पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत लागला. चोर पकडणं हे तिचं एक काम. संप मोडायला मालकांना माणसं पुरवणं हे दुसरं. माँटानातलं ब्यूट हे तांब्याच्या खाणींचं गाव. तिथे १ ऑगस्ट १९१७ च्या पहाटे फ्रँक लिटल या कामगार पुढाऱ्याला खोलीतून ओढून नेलं आणि रेल्वेच्या पुलाला लटकवून मारलं. लिटलला संपवायला आपल्याला पाच हजार डॉलर देऊ केले होते, असं हॅमेट पुढे सांगायचा. त्याची मैत्रीण, नाटककार लिलियन हेलमन, हिने तसं लिहून ठेवलंय.

पुढे टी.बी.ने ही नोकरी सुटली आणि हॅमेट लिहू लागला. १९२९ च्या 'रेड हार्वेस्ट'मध्ये खाणमालक, गुंड आणि विकले गेलेले पोलीस असलेलं एक गाव आहे. ब्यूटची छाया त्यात सरळ दिसते. १९३० मध्ये 'द माल्टीज फाल्कन' आली आणि सॅम स्पेड घराघरात पोचला. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने वेड लावलं, तसंच तिकडे या स्पेडने.

१९४६ पासून स्पेड रेडिओवर ऐकू येऊ लागला. आवाज हॉवर्ड डफचा, जाहिरात केसांच्या तेलाची. हॅमेट त्यातलं काही लिहीत नसे. नावाचे पैसे तेवढे मिळायचे.

मग अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध सुरू झाली. १९५० साली संशयितांच्या यादीत डफचं नाव छापून आलं. स्पेडचा आवाज बदलला आणि एप्रिल १९५१ मध्ये कार्यक्रमच बंद पडला. त्याच जुलैत हॅमेट कोर्टात उभा राहिला. राजकीय आरोपींच्या जामिनासाठी एक फंड होता, त्याला पैसे कुणी दिले एवढंच विचारलं होतं. तो बोलला नाही. सहा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात या नामवंत लेखकाने संडास-बाथरूम साफ केले. बाहेर आला तोवर तब्येत गेली होती, आणि उरलीसुरली कमाई इन्कम टॅक्सवाल्यांनी अडकवली.

१० जानेवारी १९६१ ला तो वारला. दोन्ही महायुद्धांत सैन्यात होता, म्हणून आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत त्याला जागा मिळाली.

मित्रांनो, उद्या आपल्यातलं कुणी खाणीवर जाईल, कुणी प्लांटवर. एखाद्या दिवशी कुणीतरी समोर कागद ठेवून सोबत्यांची नावं विचारेल. गुप्तहेरकथा रात्री जागून वाचाच, पण त्या लिहिणारा त्या दिवशी कसा वागला तेही ध्यानात असू द्या.