पुस्तकांचे बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हातात पडला की घरात पहिली चिंता पुस्तकांची नसते. आधी मुलांच्या शाळेचे दाखले, मग गॅसचा सिलिंडर, मग ट्रकचे भाडे. इटियाडोहसारख्या ठिकाणी, धरणाच्या नोकरीत ज्यांनी काही वर्षे काढली, त्यांना हे सांगायला नको. भांडी पिंपात बसतात, गाद्यांची वळकटी होते. पुस्तके मात्र शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीपाशी तशीच उभी असतात. मग कुठून तरी धानाचा रिकामा बारदाना मिळवायचा आणि त्यात ती कोंबायची. पोते अर्धे भरले तरी उचलत नाही. यात लोखंड भरले आहे काय, असे हमाल विचारतो आणि घरातली मंडळी रद्दीवाल्याची आठवण करून देतात. ग्रंथप्रेमाची खरी परीक्षा वाचताना होत नाही, ती घर बदलताना होते.

गाढवी नदीवरचे हे धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले. त्याआधी, १९५४ साली, हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असताना इथल्या मतदारांपुढे एक उमेदवार उभा राहिला होता. लोकसभेच्या त्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. त्या निवडणुकीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. आज बोलायचे आहे ते बाबासाहेबांनी आयुष्यभर मांडलेल्या आणि मोडलेल्या बिऱ्हाडांबद्दल, आणि प्रत्येक बिऱ्हाडात माणसांच्या आधी जागा मागणाऱ्या पुस्तकांबद्दल.

पुस्तकाची किंमत त्यांना लहानपणीच कळली होती. वडील रामजी सुभेदार पेन्शनीत गेलेले, मुंबईत परळच्या डबक चाळीतली एक खोली, आणि भीमाला सतत नवे पुस्तक हवे. पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पुस्तक घेत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत. मुलीच्या सासरी हे कसे दिसत असेल याचा विचार त्या बापाने केला नसेल असे नाही. पण पुस्तक आले.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यांत जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालायची, असा त्यांचा क्रम होता. तिथे त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमवली. पोट मारून घेतलेली ही पुस्तके भारतात पोहोचवण्यासाठी त्यांनी एका मित्राच्या हवाली केली. त्यांतली काहीच त्यांच्या हाती लागली.

दुसरा घाव याहून मोठा होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. सामान टॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने रवाना केले आणि स्वतः मार्सेल्सहून ‘कैसर-इ-हिंद’ बोटीने निघाले. ते ऑगस्टमध्ये सुखरूप मुंबईला पोहोचले. सामानाची बोट पाणतीराने बुडवली होती. तिच्याबरोबर त्यांची पुस्तकेही समुद्रात गेली. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले. त्यांतले काही पत्नी रमाबाईंच्या हाती घरखर्चाला दिले आणि उरलेल्यांवर बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. पुस्तकांनी बुडतानाही प्रवासखर्च दिला म्हणायचा!

बडोद्यात जे घडले ते पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अमेरिकेची पदवी घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला, जातीमुळे, शहरात कुठेही खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारच्या दालनात मोडक्या बाकांचा आणि खुर्च्यांचा ढीग, अंधारात फडफडणारी वटवाघळे, आणि कंदिलाचा उजेड. त्या उजेडात ते वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी जेवून निघायच्या बेतात होते. वाचनालयातून रात्रीपुरती आणलेली पुस्तके परत करायची म्हणून ती उचलत होते, एवढ्यात जिन्यावर पावले वाजली. लाठ्या घेतलेली पारशी मंडळी वर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा दम देऊन गेली. हिंदू आणि ख्रिस्ती स्नेह्यांकडेही थारा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले.

आपण घर बदलतो तेव्हा नवे घर लहान आहे की मोठे, पाण्याची सोय कशी, एवढीच चिंता असते. घर मिळेल की नाही, आणि मिळाले तर कोणत्या नावावर, ही चिंता वेगळी. बाबासाहेबांच्या पुस्तकांची कथा ती सोडून सांगता येत नाही.

मुंबईत परळच्या पोयबावाडीतल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार १९१२ पासून १९३४ पर्यंत चालला. तोही एकट्याचा नाही. दिवंगत भावाचे कुटुंबही त्यातच. मधल्या काळात, १९२० ते १९२३, ते पुन्हा लंडनला जाऊन आले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत. तरी स्वतःच्या मालकीचे पुस्तक हवेच असे. परतल्यावर वकिली आणि चळवळ दोन्ही दामोदर हॉलमधल्या कचेरीतून चालू लागली आणि पुस्तकेही तिथेच साठू लागली. घर आणि कचेरी दोन्ही भरत चालली होती. इकडे रमाबाई पै-पैचा हिशेब करीत. या ग्रंथसंग्रहाचे कौतुक करताना त्याचा निम्मा खर्च त्या माउलीने आपल्या पोटातून काढून दिला, हे विसरणे बरे नव्हे. त्यांनी कधी रद्दीवाल्याची आठवण करून दिली असती तर कुणी दोष दिला नसता.

मग बाबासाहेबांनी असे काही केले, जे आपल्याकडे फार थोड्यांनी केले असेल. पुस्तकांना घर पुरत नाही म्हणून पुस्तकांच्या मापाचे घर बांधले. दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. पाचव्या गल्लीत स्वतःसाठी ‘राजगृह’ आणि तिसऱ्या गल्लीत भाड्याने देण्यासाठी ‘चार मिनार’. राजगृह हे प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव, बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेले. नावावरूनच मनाचा ओढा कळतो. कर्ज काढून १९३१ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले आणि १९३३ मध्ये पुरे झाले. बांधकामावर त्यांचे स्वतःचे लक्ष असे. तळमजल्यावर कुटुंबासाठी तीन-तीन खोल्यांचे दोन भाग. वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि कार्यालय. हे माप बोलके आहे. माणसे खाली, पुस्तके वर!

१९३४ मध्ये परळचे बिऱ्हाड दादरला आले. चाळीतल्या दोन खोल्यांतून आलेल्या रमाबाईंना मात्र या घराचे सुख फार लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. त्यानंतरचे बाबासाहेब वरच्या मजल्यावर अधिकच रमले. १९३८ च्या सुमारास ग्रंथसंख्या ८००० झाली होती. पुस्तक सहसा कुणाला बाहेर नेऊ देत नसत. पंडित मदनमोहन मालवीयांनी बनारस हिंदू विद्यापीठासाठी हा संग्रह मागितला आणि दोन लाख रुपये देऊ केले. कर्जाचा बोजा असतानाही त्यांनी नकार दिला. पुढे १९४१ मध्ये देणी भागवण्यासाठी ‘चार मिनार’ विकली. ज्या इमारतीचे भाडे येत होते ती गेली, आणि जिच्यात पैसा ओतावा लागत होता ती राहिली. व्यवहारी माणसाने नेमके उलटे केले असते.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले. माणूस दिल्लीत आणि ग्रंथ दादरला, अशी ताटातूट झाली. त्यातूनच त्यांच्या ग्रंथजीवनातले सर्वांत मोठे स्थलांतर घडले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. जागा होती मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींची. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. कॉलेजला ग्रंथालय हवे. तेव्हा ज्या संग्रहाला दोन लाखांना हात लावू दिला नव्हता, तो राजगृहातून उचलून त्यांनी या कॉलेजला देऊन टाकला. ज्या घराची रचनाच ग्रंथांसाठी झाली, त्यातून ग्रंथच बाहेर पडले. मला तर हे घर बांधण्याहूनही अवघड वाटते. मुलीला सासरी पाठवताना बापाचे जे होते, तेच इथे झाले असणार. पुढे कॉलेज फोर्टमधल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत गेले, तेव्हा पुस्तकांनी आणखी एकदा घर बदलले.

पण देऊन रिकामा झालेला हात स्वस्थ बसणारा नव्हता. दिल्लीत दुसरा संग्रह वाढू लागला होताच. कायदामंत्री असताना ते हार्डिंज अव्हेन्यूवरच्या बंगल्यात होते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये राजीनामा दिला आणि सरकारी बंगला सुटला. २६, अलीपूर रोड हे सिरोहीच्या महाराजांचे घर भाड्याने घेतले आणि कपाटे तिकडे हलली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे पुष्कळसे काम त्याच घरात झाले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री निजायला जाताना त्यांनी कपाटांतून काही पुस्तके काढून घेतली आणि ग्रंथाची प्रस्तावना उशाशी ठेवायला सांगितली. पहाटेपूर्वी केव्हातरी प्राण गेला. पार्थिव विमानाने मुंबईला आणले आणि राजगृहात ठेवले.

त्यानंतर आणखी एक घर रिकामे झाले, आणि ते वाईट रीतीने. जानेवारी १९६७ मध्ये अलीपूर रोडच्या जागेचा ताबा घेतला गेला तेव्हा माईसाहेब बाहेरगावी होत्या. खोलीतली कागदपत्रे अंगणात उघड्यावर टाकली गेली आणि त्यांवर पाऊस पडला. एकदा समुद्राने नेले, दुसऱ्यांदा पावसाने. पहिल्या वेळी दुसऱ्यांची पुस्तके गेली होती. या वेळी भिजले ते त्यांचे स्वतःचे कागद.

जी हस्तलिखिते पेट्यांमधून वाचली, ती पुढे महाराष्ट्र शासनाच्या समितीकडे आली. नागपूरचे वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून त्यांचे खंड निघू लागले. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या कितीतरी घरांत हे खंड आता फळीवर दिसतात. चांगले जाड आहेत. बदली झाली की एका पोत्यात पाच-सहापेक्षा अधिक भरू नयेत, उचलत नाही.