हॅरी नायक्विस्ट

हॅरी नायक्विस्ट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८८९ रोजी स्वीडन देशातील नील्सबी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडिलांचे मूळ नाव लार्स योनसन. असे सांगतात, की जवळच याच नावाचे दुसरे एक गृहस्थ राहत होते आणि एकाची पत्रे दुसऱ्याच्या घरी जात. म्हणून वडिलांनी नायक्विस्ट हे नवे आडनाव घेतले. मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्या उपयोगी पडेल.

हॅरीला शिकायचे होते, पण घरात पैसा नव्हता. कोवळ्या वयात त्याने बांधकामावर मजुरी केली आणि प्रवासाचे पैसे साठवले. १९०७ साली, वयाच्या १८व्या वर्षी, तो एकटाच अमेरिकेला गेला. १९१४ साली नॉर्थ डकोटा विद्यापीठाची पदवी मिळाली, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. जरा उशीरच म्हणा! पण पुढच्या ३ वर्षांतच येल विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राची डॉक्टरेट दिली. आता आपणही त्यांना 'अहो-जाहो' म्हणूया.

१९१७ साली ते टेलिफोन कंपनीत नोकरीला लागले. त्या काळी दूरचे निरोप तारेने जात. तार टाकायला फार खर्च येई. म्हणून एकाच तारेतून एका सेकंदात जास्तीत जास्त किती खुणा पाठवता येतील, हा मोठा प्रश्न होता. खुणा फार घाईने पाठवल्या तर त्या एकमेकींत मिसळत. नायक्विस्ट यांनी यावर १९२४ आणि १९२८ साली दोन निबंध लिहिले. तार दर सेकंदाला जितक्या कंपनांचा पट्टा वाहून नेते, त्याच्या दुप्पट खुणा तिच्यातून जाऊ शकतात, असे त्यांनी गणिताने दाखवले. तारेसाठी शोधलेला हा 'दुप्पट'चा नियम पुढे आवाजाच्या कामी आला. १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी त्याची पूर्ण सिद्धता मांडली.

तुम्ही मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करता, तेव्हा काय होते? यंत्र सगळा आवाज सलग साठवत नाही. ते ठराविक अंतराने आवाजाचे माप घेते आणि तो आकडा लिहून ठेवते. या मापाला 'नमुना' म्हणतात. (हा शब्द तुम्हांला शिकवायला नको. उर्दूतही तो नमुनाच आहे.) माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणून नमुने ४०,००० पेक्षा जास्त हवेत. सीडीसाठी ते ४४,१०० ठरले.

आता हिशेब करा. एक नमुना लिहायला २ बाइट जागा लागते. डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळे नमुने असतात. म्हणजे एका सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि एका मिनिटाला १,०५,८४,००० बाइट! नमुने निम्मे केले की जागाही निम्मी लागते. मग कोणी म्हणेल, नमुने कमीच घ्यावेत.

इथेच खरी अडचण आहे. सिनेमात धावत्या टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. चाकाच्या वेगाला ती पुरत नाहीत आणि खोटीच गती दिसते. आवाजाचेही तसेच आहे. नमुने कमी पडले, तर वरचा सूर खालच्या सुराचे रूप घेऊन येतो. लार्स योनसन यांची पत्रे आठवली ना? इथेही एकाचा निरोप दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून नमुने घेण्याआधीच यंत्र वरचे सूर गाळून टाकते. गाळलेले मात्र पुन्हा मिळत नाही.

डिजिटल टेलिफोनसाठी सेकंदाला ८,००० नमुने ठरले. एका नमुन्याला १ बाइट धरला, तर मिनिटाला ४,८०,००० बाइट पुरतात. सीडीच्या मानाने ही जागा बाविसाव्या हिश्श्याइतकी आहे. बोलणे नीट समजते. पण 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक वरच्या सुरांत असतो आणि तो पुसट होतो. म्हणून टेलिफोनवर 'फिरोज' नाव सांगताना पुष्कळदा 'फळातला फ' असे म्हणावे लागते.

नायक्विस्ट १९५४ साली निवृत्त झाले. तोवर त्यांच्या नावावर १३८ पेटंटे जमा झाली होती. त्यांच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगतात. जास्त शोध लावणाऱ्यांमध्ये कोणते साम्य आहे, याची एकदा पाहणी झाली. त्यांतले बरेच जण दुपारचे जेवण नायक्विस्ट यांच्याबरोबर घेत, असे आढळले! ते समोरच्याला नेमके प्रश्न विचारत आणि विचार करायला लावत. मला त्यांच्या पेटंटांपेक्षा हेच मोठे वाटते.

४ एप्रिल १९७६ रोजी टेक्सासमधील हार्लिंजन गावी त्यांचे निधन झाले. सीडी बाजारात आली ती १९८२ साली. नमुन्यांच्या निम्म्या संख्येला आज 'नायक्विस्ट वारंवारता' म्हणतात. सीडीसाठी ती २२,०५० आहे. तुमच्या वर्गातला ४० मिनिटांचा तास सेकंदाला १६,००० नमुने घेऊन रेकॉर्ड केला, तर ती किती होईल? आणि एका नमुन्याला २ बाइट धरले, तर एकूण जागा किती लागेल? वहीत मांडून पाहा.