नाण्यावर स्वतःचे नाव न घालणारा वीर

आमच्या महानगरातील घरी एक पितळी चकती आहे. तिच्यावर मध्ये गुरू नानक व दोन्ही बाजूंस बाला आणि मर्दाना अशा आकृती आहेत. बंदा बहादूर यांचे हे दुर्मिळ नाणे, अशा समजुतीने आम्ही ती बाजारातून मोठ्या हौसेने घेतली. पुढे बंदांचे चरित्र वाचले, तेव्हा आपली फसगत झाल्याचे ध्यानी आले. त्या चरित्राचा धागा गोदावरीशी जुळलेला असल्याने ते येथे थोडक्यात देत आहोत.

बंदांचा जन्म १६७० साली राजौरी येथे झाला. मूळ नाव लछमनदेव. तरुणपणीच वैराग्य पत्करून ते माधोदास झाले आणि नांदेडला मठ करून राहिले. १७०८ साली गुरू गोविंदसिंग तेथे आले. त्यांच्या भेटीने बैराग्याचा योद्धा झाला. गुरूंची आज्ञा शिरोधार्य मानून बंदांनी पंजाबची वाट धरली; त्याच वर्षी नांदेड येथे गुरूंचे देहावसान झाले.

गुरूंच्या दोन धाकट्या पुत्रांचा वध करविणारा सरहिंदचा वजीरखान मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत मारला गेला. बंदांनी लोहगड ही राजधानी केली, कसणाऱ्यांना जमिनीचे धनी केले आणि नाणी पाडली. त्या नाण्यांवर फार्सी अक्षरांत गुरू नानक व गुरू गोविंदसिंग यांचे स्मरण आहे; चित्र नाही आणि बंदांचे नावही नाही. आपल्या शिवराईवर राजाचे नाव आहे व ते राजरीतीस धरूनच आहे. बंदांच्या लेखी मात्र राज्य गुरूंचे होते. पुढे महाराजा रणजितसिंगांनीही हाच पायंडा पाळला.

१७१५ साली गुरदास नंगल येथे मोगलांनी त्यांना कित्येक महिने वेढले. अन्न संपले आणि ते पकडले गेले. जून १७१६ मध्ये दिल्लीस, डोळ्यांदेखत लहानग्या पुत्राचा वध झाल्यावरही त्यांनी धर्म सोडला नाही. अनन्वित छळ करून त्यांना ठार मारण्यात आले.

त्यांची नाणी आज अगदी मोजकीच उरली आहेत. आमच्या चकतीसारख्या वस्तू पुष्कळ नंतरच्या काळी भाविकांसाठी घडविल्या गेल्या. संग्राहकांनी एवढे ध्यानी ठेवावे, की आकृती दिसली तर ते नाणे बंदांचे नव्हे.

ती चकती आता आमच्या देवघरात आहे. सुट्टीत देशी जाताना नांदेडला उतरणे झाल्यास वाचकांनी मुलाबाळांसह बंदाघाट अवश्य पाहावा.