एका धनाढ्य सहाबीचा साधा निकाह

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या दहा सहाबींना त्यांच्या हयातीतच जन्नतची शुभवार्ता दिली, त्यांत ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा समावेश होतो. यशस्वी व्यापारी, प्रचंड संपत्तीचे धनी आणि तितकेच उदार दाते म्हणून इस्लामी इतिहास त्यांना ओळखतो. परंतु हदीसच्या ग्रंथांत मेहर आणि वलीमा यांची चर्चा निघते, तेव्हा त्यांच्याच आयुष्यातील एक छोटा प्रसंग पुढे येतो. आपल्या समाजात लग्नाचा खर्च हे अनेक कुटुंबांच्या कर्जाचे आणि चिंतेचे कारण बनले असताना हे चरित्र या अंगाने वाचणे अगत्याचे आहे.

जन्म आणि इस्लामचा स्वीकार

ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांचा जन्म मक्केत, कुरैशच्या बनू जोहरा या घराण्यात, हत्तीच्या वर्षानंतर सुमारे दहा वर्षांनी झाला. प्रेषितांच्या मातोश्री ह. आमिना याच घराण्यातील होत्या. इस्लामपूर्व काळातील त्यांचे नाव बदलून प्रेषितांनी त्यांना अब्दुर्रहमान, म्हणजे परम कृपाळू अल्लाहचा दास, हे नाव दिले. ह. अबूबकर (रजि.) यांच्या प्रेरणेने ज्यांनी अगदी आरंभी इस्लाम स्वीकारला, त्या मोजक्या लोकांपैकी ते एक होत. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा त्यांनी हबशाकडे स्थलांतर केले आणि पुढे मदिनेला हिजरत केली. मक्केत जे काही कमावले होते, ते मागे राहिले.

रिकाम्या हाताने मदिनेत

मदिनेत प्रेषितांनी मुहाजिर आणि अनसार यांच्यात बंधुभावाचे नाते जोडून दिले. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांचे बंधू ठरले ह. सअद बिन रबीअ (रजि.). ते अनसारमधील श्रीमंतांपैकी होते. त्यांनी आपली अर्धी मालमत्ता आपल्या नव्या भावापुढे ठेवली. इतकेच नव्हे, तर आपल्या दोन पत्नींपैकी एकीला तलाक देऊन, इद्दत पूर्ण झाल्यावर तिच्याशी निकाह करण्याचीही मुभा देऊ केली. असे औदार्य इतिहासात क्वचितच आढळेल.

ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्या घरादारासाठी आणि मालमत्तेसाठी बरकतीची दुआ केली, पण त्यातले काहीही घेतले नाही. त्यांनी फक्त बाजाराचा रस्ता विचारला. तो बाजार बनू कैनुकाअ या यहुदी कबिल्याचा होता. तेथे त्यांनी तूप आणि सुकवलेले पनीर यांची खरेदी-विक्री सुरू केली. पहिल्याच दिवशी थोडा नफा घेऊन ते परतले आणि रोज सकाळी बाजारात जाऊ लागले.

हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. संसार थाटण्यासाठी भावाची मालमत्ता समोर हजर होती. तिला हात न लावता त्यांनी आधी कमाई केली आणि मग निकाह केला.

कपड्यांवरील पिवळी खूण

काही काळाने ते प्रेषितांच्या सेवेत आले, तेव्हा त्यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधी द्रव्याची खूण दिसत होती. प्रेषितांनी ती पाहून विचारपूस केली. तेव्हा त्यांनी सांगितले की आपण अनसारमधील एका स्त्रीशी निकाह केला आहे. मेहर काय दिला, या प्रश्नावर त्यांनी खजुराच्या बीइतक्या वजनाचे सोने दिल्याचे सांगितले. प्रेषितांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि वलीमा करण्यास सांगितले, मग तो एका बकरीचा का असेना. हा प्रसंग ह. अनस (रजि.) यांच्या कथनातून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत नोंदला गेला आहे.

या छोट्या प्रसंगात तीन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट निमंत्रणाची. मदिना हे लहानसे गाव होते. प्रेषित तेथेच होते आणि ह. अब्दुर्रहमान (रजि.) त्यांचे जुने, जिवलग साथीदार होते. तरीही निकाह पार पडल्याचे प्रेषितांना कपड्यांवरील खुणेवरून कळले. त्यांनी आपल्याला न बोलावल्याबद्दल नाराजी दाखवली नाही, आणि ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनाही आपल्याकडून काही उणे राहिले असे वाटले नाही. आज एखाद्या दूरच्या नातेवाइकाला पत्रिका पोहोचली नाही म्हणून वर्षानुवर्षे अबोला धरला जातो. तो रुसवा टाळण्यासाठीच पाहुण्यांची यादी शंभरावरून हजारावर जाते.

दुसरी गोष्ट मेहरची. ‘नवात’ म्हणजे खजुराची बी. हे त्या काळी पाच दिरहमांच्या वजनाचे नाव होते, असे अनेक विद्वानांनी स्पष्ट केले आहे. काहींच्या मते त्या सोन्याचे मोलच पाच दिरहम होते. कोणताही अर्थ घेतला तरी, मेहर नवऱ्याच्या त्या वेळच्या ऐपतीतला होता आणि तो त्याने दिलेला होता. केवळ कागदावर लिहून ठेवलेला नव्हता.

तिसरी गोष्ट वलीम्याची. वलीमा मुलाकडचा असतो. मुलीच्या पित्याने काय द्यावे, किती लोकांना जेवू घालावे, याचा या प्रसंगात उल्लेखही नाही. मेहर आणि वलीमा हे दोन्ही खर्च शरीअतने वरावर ठेवले आहेत. वधूपित्यावर त्यांपैकी एकही नाही.

मदिनेतील लग्ने आणि पोशाख

याचा अर्थ मदिनेत आनंद साजरा होत नसे, असा नाही. अनसारच्या स्त्रिया आणि मुले लग्नाहून परतताना पाहून प्रेषितांना हर्ष झाल्याची नोंद आहे. ह. अबू उसैद साइदी (रजि.) यांच्या लग्नात स्वतः वधूने रात्रभर पाण्यात भिजवलेल्या खजुरांचे पेय प्रेषितांना दिले होते. खैबरहून परतताना ह. सफिया (रजि.) यांच्याशी झालेल्या निकाहच्या वलीम्यात मांसही नव्हते. चामड्याची दस्तरखाने पसरली गेली आणि त्यावर खजूर, पनीर आणि तूप ठेवले गेले. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी मदिनेच्या बाजारात व्यापाराला सुरुवात केली ती याच पनीर-तुपापासून.

पोशाखाबाबतही बुखारीत एक बोलकी नोंद आहे. ह. आयशा (रजि.) यांच्याकडे जाड्याभरड्या कापडाचा एक अंगरखा होता. तशा अंगरख्याची किंमत होती पाच दिरहम. प्रेषितांच्या काळात मदिनेत कोणत्याही वधूला सजवायचे असले की तो त्यांच्याकडून मागून नेला जाई आणि लग्नानंतर परत केला जाई. पुढे सुबत्ता आली, तेव्हा घरातली दासीसुद्धा तसला कपडा घरात घालायला नाक मुरडते, असे त्यांनी सांगितले. केवळ एका पिढीत एवढा फरक पडला होता. मात्र जोवर तो अंगरखा घरोघरी जात होता, तोवर मागणाऱ्या वधूला कमीपणा वाटत नव्हता आणि देणाऱ्या उम्मुल मोमिनीनना उपकाराची भावना नव्हती.

संपत्ती आली तेव्हा

अल्लाहने ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या व्यापारात विलक्षण बरकत दिली. ते बद्रच्या युद्धात लढले. उहुदच्या रणांगणावर त्यांना वीसहून अधिक जखमा झाल्या आणि पायाच्या जखमेमुळे ते पुढे लंगडत चालत. ज्यांनी त्यांना अर्धी मालमत्ता देऊ केली होती, ते ह. सअद बिन रबीअ (रजि.) याच उहुदमध्ये शहीद झाले.

हिजरी सन 6 मध्ये प्रेषितांनी त्यांना दूमतुल जंदलच्या मोहिमेवर पाठवले. त्या वेळी प्रेषितांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर अमामा बांधल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे. तेथील सरदाराची कन्या तुमाजिर हिच्याशी त्यांचा निकाह झाला. त्यांचे पुत्र अबू सलमा पुढे मदिनेतील थोर विद्वानांमध्ये गणले गेले. तबूकच्या प्रवासात एका पहाटे प्रेषितांना यायला उशीर झाला, तेव्हा फजरच्या नमाजची इमामत ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी केली आणि प्रेषित एका रकअतसाठी त्यांच्या मागे उभे राहिले. हा मान फार थोड्यांना लाभला.

पुरुषांना रेशीम वर्ज्य आहे. त्यांना आणि ह. जुबैर (रजि.) यांना खाजेच्या विकारामुळे प्रेषितांनी रेशमी कपडा वापरण्याची सवलत दिली होती. ही सवलत आजारासाठी होती, समारंभासाठी नव्हती. लग्नात रेशमी शेरवानी आणि सोन्याची अंगठी घालून मिरवणाऱ्या तरुणांनी हा फरक समजून घ्यावा. ते आपल्या नोकर-गुलामांमध्ये उभे असले तर वेगळे ओळखू येत नसत, अशी एक नोंद आहे. त्यांनी काही प्रसंगी मौल्यवान चादर वापरल्याचीही नोंद आहे. म्हणजे चांगला कपडा त्यांना निषिद्ध वाटत नव्हता. मात्र त्यांनी जे घातले ते स्वतःच्या कमाईचे होते, आणि ते दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी नव्हते.

एकदा ते रोज्याने होते. संध्याकाळी त्यांच्यापुढे जेवण वाढले गेले. तेव्हा त्यांना ह. मुसअब बिन उमैर (रजि.) यांची आठवण झाली. मक्केत उंची वस्त्रांसाठी नावाजलेला हा तरुण उहुदमध्ये शहीद झाला, तेव्हा कफनासाठी एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर डोके. मुसअब आपल्याहून श्रेष्ठ होते, आणि आपल्या सत्कर्मांचा मोबदला आपल्याला याच जगात तर मिळून जात नाही ना, या भयाने ते रडू लागले. पुढचे जेवण तसेच राहिले.

अखेरचा काळ

ह. उमर (रजि.) यांच्या शहादतीच्या वेळी नव्या खलीफाची निवड करणाऱ्या सहा जणांत ते होते. त्यांनी स्वतःचा हक्क सोडला, तीन दिवस लोकांचा सल्ला घेतला आणि ह. उस्मान (रजि.) यांच्या हाती बैअत केली. हिजरी सन 32 मध्ये मदिनेत त्यांचे निधन झाले. बकीअ कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. अल्लाहच्या मार्गात 50,000 दीनार आणि बद्रच्या हयात असलेल्या प्रत्येक योद्ध्याला 400 दीनार देण्याची वसीयत त्यांनी केली होती, असे चरित्रकार लिहितात. इतके देऊनही त्यांच्या वारसांच्या वाट्याला आलेले सोने कुऱ्हाडीने तोडून वाटावे लागले.

आपल्या घरातील लग्न

ज्याच्या घरचे सोने पुढे कुऱ्हाडीने तोडावे लागले, त्याने मदिनेतील संसाराची सुरुवात खजुराच्या बीएवढ्या सोन्याने केली. त्यामुळे साधा निकाह हे दारिद्र्याचे लक्षण आहे, या समजुतीला आधार उरत नाही. उलट आपल्याकडे ऐपत नसलेला पिता व्याजाने कर्ज काढतो, घर गहाण ठेवतो आणि एका संध्याकाळच्या मंडपासाठी कित्येक वर्षे हप्ते फेडतो. ज्या व्याजाला अल्लाहने हराम ठरवले, त्याच व्याजावर निकाहसारख्या सुन्नतचा मंडप उभा राहतो. मंडपवाल्याचे आणि आचाऱ्याचे बिल त्याच दिवशी चुकते होते, मेहर मात्र बाकी राहतो.

या चरित्राच्या प्रकाशात काही गोष्टी आपल्या हातात आहेत. मुलाने आधी कमवावे आणि मेहर ऐपतीइतका ठरवून निकाहच्या वेळीच द्यावा. मुलीकडून जहेज मागू नये आणि मोठ्या जेवणावळीची अपेक्षाही ठेवू नये. वलीमा आपल्या शक्तीप्रमाणे करावा आणि त्यात गरिबांना अवश्य बोलवावे, कारण ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळले जाते, त्याचे जेवण प्रेषितांनी सर्वांत वाईट जेवण ठरवले आहे.

पाहुण्यांचीही जबाबदारी आहे. लग्नाला जाताना स्वच्छ, शालीन आणि आपल्याकडे असलेला चांगला पोशाख घालावा. प्रत्येक लग्नासाठी नवा जोड हवाच, हा हट्ट घरातील कर्त्या माणसाला कर्जात लोटतो. ईदला शिवलेला जोड लग्नात पुन्हा घालण्यात उणेपणा नाही. बहिणीचा किंवा जावेचा शालू मागून नेसण्यातही नाही. ज्या वस्तीत एका अंगरख्यात अनेक वधू सजल्या, ती वस्ती मदिना होती. कुणी तोच पोशाख दुसऱ्यांदा घालून आला तर त्यावर कुजबुजू नये, आणि निमंत्रण आले नाही तर रुसू नये. पाहुण्यांची जीभ आवरली, तर यजमानाचा निम्मा खर्च आपोआप कमी होईल.

ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांच्याप्रमाणे कमावण्याची, देण्याची आणि साधेपणाने निकाह करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.