फारुख, बकी, फ्रेडी

पाचगणी म्हटलं की आपल्याला टेबललँड, स्ट्रॉबेरी क्रीम आणि पसरणीच्या घाटात कुणाला तरी हमखास लागणारी बस आठवते. १९५०च्या दशकाच्या मध्यावर आठ वर्षांचा एक पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्स स्कूलच्या हॉस्टेलमध्ये राहायला आला. आईवडील आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. तिथून मुंबईपर्यंतचा प्रवास बोटीचा, कित्येक दिवसांचा. मुलाचं नाव फारुख बलसारा. त्याला वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. हॉस्टेलमधली पोरं असल्या गोष्टी कुठे सोडतात? लगेच नाव पडलं, ‘बकी’.

दुसरं नावही त्याला इथेच मिळालं. शाळेत सगळे त्याला फ्रेडी म्हणायला लागले आणि हळूहळू घरचेही तेच म्हणू लागले. म्हणजे सगळं जग या माणसाला ज्या नावाने ओळखतं, त्यातलं अर्धं नाव पाचगणीचं आहे. उरलेलं ‘मर्क्युरी’ त्याने स्वतःच स्वतःला दिलं, लंडनमध्ये, साधारण चोविसाव्या वर्षी.

क्वीन बँडचा हा गायक आपल्यातल्या बहुतेकांना भेटला तो २०१८च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ सिनेमातून. सिनेमा भारी आहे, पण त्याने तारखा बऱ्याच इकडच्या तिकडे केल्यात आणि पाचगणी तर जवळजवळ गाळूनच टाकलंय. शिवाय तो बघून असं वाटतं की फ्रेडीची खरी गोष्ट म्हणजे १९८५चा लाइव्ह एड कॉन्सर्ट. मला मात्र त्याच्या आयुष्यातली १९६४ ते १९७६ ही बारा वर्षं जास्त खेचतात. सतराव्या वर्षी लंडनला उतरलेला मुलगा तिशीला टेकल्यावर आपल्या प्रेयसीसमोर बसतो आणि आपण कोण आहोत हे मोठ्याने बोलायचा प्रयत्न करतो. मधली बारा वर्षं ब्रिटनमधल्या लैंगिक क्रांतीची. चहूकडे सगळं मोकळं होत असताना या मुलाला एवढा वेळ का लागला?

सुरुवात घरापासून करू. ५ सप्टेंबर १९४६ला झांझिबारच्या स्टोन टाऊनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील बोमी बलसारा ब्रिटिश सरकारी कचेरीत कॅशियर. घराणं गुजरातचं, आणि आडनावातलं बलसार म्हणजे आजचं वलसाड. पाचगणीत फ्रेडी पियानो शिकला, टेबल टेनिसमध्ये चमकला, बॉक्सिंगही करायचा. बाराव्या वर्षी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पुढे वेम्ब्लीत ७२ हजार लोकांना हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवायला लावणारा फ्रेडी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागे पियानोवर बसायचा.

तेव्हाच्या भारतात पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा होता. १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ इंग्रजांनी लिहिलं, ते गेले आणि कलम राहिलं. खुद्द इंग्लंडमध्येही वेगळं नव्हतं. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये याच कारणासाठी दोन वर्षं सक्तमजुरी झाली. कॉम्प्युटर सायन्सवाले ज्याला गुरू मानतात त्या अॅलन ट्युरिंगला १९५२ मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि दोन वर्षांनी तो गेला. पाचगणीत असो, झांझिबारला असो की लंडनला, कायदा सगळीकडे एकाच साहेबाचा होता.

१९६३च्या सुमारास फ्रेडी झांझिबारला परतला. पण जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता गेली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बलसारा कुटुंबाने होतं नव्हतं ते सोडलं आणि लंडन गाठलं. हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्थम उपनगरात छोटं घर घेतलं. घरात आई, वडील, धाकटी बहीण आणि हा. सुट्ट्यांत त्याने विमानतळावरही काम केलं. बोर्डिंग स्कूलची इंग्रजी, सावळा रंग, पुढे आलेले दात, आणि हातात ब्रिटिश पासपोर्ट. तिथल्या पोरांसाठी तो इंडियन. झांझिबारसाठी परका, आणि मुंबई मागेच राहिली होती.

आणि याच सुमारास ब्रिटन कूस बदलत होतं. गर्भनिरोधक गोळी १९६१ पासून सरकारी आरोग्यसेवेत मिळायला लागली होती, सुरुवातीला फक्त लग्न झालेल्या बायकांना. १९६७ मध्ये कायदा बदलला आणि बिनलग्नाच्या मुलींसाठीही दार उघडलं. त्याच वर्षी गर्भपात कायदेशीर झाला. मिनी स्कर्ट, लांब केस, लग्नाआधी एकत्र राहणं, आईबापांशी भांडणं, सगळं एका दमात आलं. आजही आपल्याकडे लिव्ह-इनसाठी घर शोधताना ब्रोकर काय काय विचारतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना कळेल की हे केवढं मोठं होतं.

२७ जुलै १९६७ला आणखी एक कायदा आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांनी खासगीत, संमतीने संबंध ठेवले तर तो गुन्हा राहणार नव्हता. आता तारीख बघा. फ्रेडीला एकविसावं वर्ष पूर्ण झालं ५ सप्टेंबर १९६७ला. कायदा झाला आणि चाळीस दिवसांनी तो त्या कायद्याच्या वयात बसला. योगायोगच, पण मला ही तारीख सापडली तेव्हा मी दोनदा मोजून पाहिली.

पण या कायद्यातली बारीक अक्षरं वाचली की उत्साह ओसरतो. मुलगा-मुलगीसाठी संमतीचं वय सोळा, यांच्यासाठी एकवीस. ‘खासगी’चा अर्थ इतका कडक लावला जायचा की घरात तिसरं माणूस असलं तरी ते खासगी नाही. हॉटेलची खोलीही चालत नव्हती. फेल्थमच्या घरात चार माणसं. आणि हे विधेयक वरिष्ठ सभागृहात मांडणाऱ्या लॉर्ड अॅरन यांनीच समलिंगी लोकांना सल्ला दिला की आता गुपचूप राहा, कसला गाजावाजा करू नका. म्हणजे क्रांती झाली खरी, पण तुमच्या खोलीचं दार लावून घ्या.

फ्रेडीने पुढे जे केलं ते या सल्ल्याच्या बरोबर उलट होतं. आणि एका अर्थाने त्याने तो सल्ला तंतोतंत पाळलाही.

१९६६ मध्ये तो ईलिंग आर्ट कॉलेजला गेला. ग्राफिक डिझाइन शिकायचं, पण वहीत सतत जिमी हेंड्रिक्सची चित्रं काढायचा. हेंड्रिक्स का? माझा अंदाज सांगते. तो काळा होता, अमेरिकेतून आलेला उपरा होता, आणि लंडनने त्याला डोक्यावर घेतलं होतं. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने बाहेरून आलेल्यांविरुद्ध विखारी भाषण केलं आणि रस्त्यारस्त्यात सावळ्या माणसांना ऐकून घ्यावं लागत होतं. फेल्थमच्या मुलाला हेंड्रिक्समध्ये एक वाट दिसली असणार. तुमचा रंग, तुमचं गाव लोक विसरतील, पण त्यासाठी स्टेजवर तुम्हाला एवढं प्रचंड दिसावं लागेल की दुसरं काही दिसायलाच नको.

कॉलेज संपलं. केन्सिंग्टन मार्केटमध्ये ड्रमर रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. छोट्या बँड्समध्ये गायला. १९७० मध्ये ब्रायन मे आणि टेलर यांच्या बँडचा गायक सोडून गेला आणि त्या जागी फ्रेडी आला. वर्षभरात बासिस्ट जॉन डिकनही आला. बँडला ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीने दिलं. इंग्रजी बोलीत हा शब्द बायकी समलिंगी पुरुषाला हिणवण्यासाठी वापरतात, हे त्याला चांगलंच माहीत होतं. चौघांच्या राशींवरून बँडचं चिन्ह त्यानेच काढलं. दोन सिंह, एक खेकडा, आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या. बलसाराचा मर्क्युरी झाला तोही याच दिवसांत.

मग आला ग्लॅम रॉक. पुरुष डोळ्यांत काजळ घालून, सॅटिनचे घट्ट कपडे घालून गाऊ लागले. फ्रेडी डाव्या हाताच्या नखांना काळं नेलपॉलिश लावायचा. झँड्रा ऱ्होड्सने त्याच्यासाठी पंखांसारख्या बाह्यांचा पांढराशुभ्र प्लीट्सचा पोशाख केला, त्याचे फोटो अजून फिरतात. या फॅशनची खरी मजा अशी की सगळेच नटत होते, त्यामुळे कोण खरंच तसा आहे आणि कोण नाटक करतोय हे कळायला मार्ग नव्हता. लपायला याहून चांगली जागा कुठली? लाखभर वॉटच्या उजेडात.

त्याच लंडनमध्ये दुसरीकडे लोक उघडपणे बोलायला लागले होते. न्यूयॉर्कमध्ये जून १९६९ला स्टोनवॉलचा उठाव झाला. १९७० मध्ये लंडनमध्ये गे लिबरेशन फ्रंट उभी राहिली, १ जुलै १९७२ला शहरात पहिला प्राइड मोर्चा निघाला. त्याच वर्षी जानेवारीत डेव्हिड बोवीने एका संगीत साप्ताहिकाला आपण गे असल्याचं सांगून खळबळ उडवली. फ्रेडी यातल्या कशातच नव्हता. तो तेव्हा मेरी ऑस्टिनबरोबर राहत होता.

मेरी बिबा नावाच्या फॅशनेबल दुकानात कामाला होती. वय एकोणीस. दोघं केन्सिंग्टनमध्ये छोट्या खोलीत राहायचे, पैशांची बोंबच होती. १९७३च्या नाताळला त्याने तिला मोठं खोकं दिलं. त्यात छोटं खोकं, त्यात आणखी छोटं, आणि शेवटी अंगठी. लग्न करायचं ठरलं. पुढे तो विषय मागे पडत गेला. बँड मोठा होत होता, रात्री उशिरा येणं वाढत होतं, आणि एका पुरुषाबरोबर त्याचं नातं सुरू झालं होतं.

याच काळात, ऑक्टोबर १९७५ मध्ये, ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे जवळपास सहा मिनिटांचं गाणं बाहेर पडलं. रेडिओवर एवढं लांब गाणं कोण लावणार, असं सगळ्यांचं मत होतं. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात फ्रेडीने स्वतःचीच गोष्ट सांगितली असं अनेक अभ्यासक म्हणतात. त्याने मात्र गाण्याचा अर्थ शेवटपर्यंत सांगितला नाही.

आणि १९७६ मध्ये तो मेरीशी बोलला. आपण बायसेक्शुअल आहोत असं वाटतंय, असं त्याने तिला सांगितलं. मेरीचं उत्तर सरळ होतं, की तू गे आहेस. या प्रसंगात मला भारी वाटते ती मेरी. पायाखालची जमीन सरकलेली असताना समोरच्याला त्याचंच खरं सांगायचं, हे सोपं नाही. त्यांचं प्रेमप्रकरण संपलं, पण त्याने तिला जवळच घर घेऊन दिलं, ती त्याच्या कंपनीत काम करत राहिली आणि शेवटी आपला बंगलाही तो तिच्याच नावावर करून गेला.

पुढचं बरंच तुम्हाला माहीत आहे. १९८०च्या सुमारास केस कापले, मिशी ठेवली. हा लूक तेव्हाच्या अमेरिकेतल्या गे वस्त्यांमधला होता. काही चाहत्यांना रुचला नाही, त्यांनी स्टेजवर रेझर फेकले. आपल्याला जे पोस्टर आवडतं ते नेमकं त्या मिशीचं आहे. १९८५ पासून जिम हटन हा आयरिश हेअरड्रेसर त्याचा जोडीदार होता, शेवटपर्यंत. पण पत्रकारांना त्याने कधी एक सरळ वाक्य दिलं नाही. थट्टेत उडवायचा, वळवायचा.

१९८७ मध्ये एचआयव्हीचं निदान झालं. त्याच वर्षी एका जुन्या सहकाऱ्याने त्याच्या खासगी गोष्टी एका टॅब्लॉइडला विकल्या. पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारने स्थानिक प्रशासनांना समलिंगी संबंधांचा ‘प्रचार’ करायला बंदी घालणारा कायदा आणला. वीस वर्षांपूर्वी किलकिलं झालेलं दार परत लोटलं जात होतं आणि फोटोग्राफर त्याच्या गेटबाहेर ठाण मांडून होते. २३ नोव्हेंबर १९९१ला त्याने एड्स झाल्याचं निवेदन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय पंचेचाळीस.

तो आधी बोलला असता तर? तेव्हाही अनेक कार्यकर्त्यांनी हा प्रश्न रागाने विचारला, कारण माणसं मरत होती आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या एका वाक्याने कुणाला तरी धीर आला असता. तो राग मला पटतो. पण वर्गात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखाद्याबद्दल ‘तो तसा आहे का रे?’ हे किती सहज विचारलं जातं तेही मी बघते. फ्रेडीला हा प्रश्न वीस वर्षं अख्ख्या जगाने विचारला. सांगायचं कधी, कुणाला, कुठल्या शब्दात, हे त्याने शेवटपर्यंत स्वतःच्या हातात ठेवलं. मेरीला १९७६ मध्ये सांगितलं. जगाला आजार सांगितला, बाकी नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ची पकड सैल केली ती ६ सप्टेंबर २०१८ला, त्याच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी.

अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले, लंडनमध्ये. अस्थी मेरीने कुठे ठेवल्या ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. फेल्थमच्या त्या छोट्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. वर मोठ्या अक्षरांत फ्रेडी मर्क्युरी, खाली कंसात फ्रेड बलसारा. फारुख त्यावरही नाही.