जड पाण्याचे शोधक हॅरोल्ड युरी

कुवेतमधील सलवा येथे नळाला येणारे पाणी बहुतेक समुद्राचेच, गोडे करून घरोघर पोचविलेले. पाऊस वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर. क्यूरपीपच्या सरींची सवय असलेल्या आमच्या वाचकांना त्याला पाऊस म्हणायलाही संकोच वाटेल! पण थेंब कुठलाही असो, त्यात थोडे जड पाणी असतेच. ते जगाला कळले प्रोफेसर हॅरोल्ड युरी यांच्यामुळे.

युरींचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक, मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते वारले. युरींनी आधी खेड्यांतील शाळांत मास्तरकी केली, मग मोठे शिक्षण घेतले व कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत काही काळ काढला. १९३१ साली द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडवून उरलेल्या अंशात त्यांना दुप्पट वजनाचा हायड्रोजन सापडला. त्याबद्दल १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण घरी बाळंतपण, म्हणून ते समारंभाला गेले नाहीत. आम्हांला हे फार आवडले.

महायुद्धात त्यांच्याकडे अणुबॉम्बसाठी समस्थानिके वेगळी करण्याचे काम आले. बॉम्ब पडल्यावर मात्र ते अण्वस्त्रांच्या विरोधात जाहीरपणे बोलू लागले आणि शिकागोत त्यांनी दुसराच प्रश्न हाती घेतला : निसर्ग स्वतः जड-हलके कसे निवडतो? ही निवड तापमानाप्रमाणे बदलते, असे गणित त्यांनी १९४७ साली मांडले. म्हणजे जुन्या शिंपल्यांवरून जुन्या समुद्राची ऊब मोजता येणार!

पावसाचेही तसेच. ढग थंड मुलखाकडे सरकतो तसे जड पाणी आधी गळून जाते. ध्रुवाजवळ पडणारे बर्फ म्हणून हलके, आणि हवा जितकी गार तितके अधिक हलके. सलव्यासारख्या कोरड्या हवेत उलट होते : पडता पडताच थेंबातले हलके पाणी उडते, जड मागे राहते. कोपनहेगनच्याच विली डान्सगार्ड यांनी १९५२ साली घरच्या अंगणात पाऊस धरून ही तपासणी सुरू केली. पुढे १९६६ साली ग्रीनलंडमध्ये १,३९० मीटर खोल, तळापर्यंत बर्फ कोरून काढले गेले आणि त्यातून त्यांनी सुमारे एक लाख वर्षांचे हवामान वाचले. देशोदेशींचा पाऊसही तपासला जाऊ लागला. त्यात मुंबईचाही होता.

युरी ५ जानेवारी १९८१ रोजी कॅलिफोर्नियात वारले. आपल्या पूर्वजांच्या कोकणात, अलिबागजवळ थळ येथे जड पाण्याचा कारखाना सुरू झाला तो त्यानंतर, १९८७ साली.